गळक्या कूलरखालचे प्रिमरोज

मी एक जुना कूलर आहे आणि मेल्यानंतरही माझं काम थांबलेलं नाही. मित्रांनो, हे विधान मी जरा घाईत केलं. क्रमाने सांगतो.

भिलाईच्या प्लांटमधून वेल्डर म्हणून निवृत्त झालेल्या कृष्णरावांनी पत्रा कापून मला घडवलं आणि मागच्या अंगणात, ऊन कधी न पोचणाऱ्या खिडकीला बसवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात माझा तळ गंजला.

"दुनियाभराचं वेल्डिंग केलं तुमी, अन् घरचा कूलर गळून राहिला!" त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या.

"गळू दे. प्रिमरोजले तेच पाह्यजे."

प्रिमरोज म्हणजे त्यांनी डोंगरातून आणलेलं फूलझाड. त्याला सावली हवी आणि मुळं सतत ओली. भिलाईत ते जगणार नाही, असं सगळे म्हणाले. माझ्याखाली ते जगलं. कौतुक अर्थात कृष्णरावांचं झालं.

मग एका हिवाळ्यात कृष्णराव गेले. पुतण्या नरेशने माझी मोटर आणि पंप काढून नेला. माझ्यात उरली वाळलेल्या खसाची जाळी आणि एक पाल.

तरी रोज सकाळी माझ्याखालची माती ओली असे. मे महिना आला. कुंपणाची मेंदीसुद्धा करपली आणि प्रिमरोजला जांभळी फुलं आली. भर दुपारी गल्ली चिडीचूप असताना आवाज यायचा, टप... टप. मी कान देऊन ऐकायचो. तो माझा नव्हता. पालही एक दिवस निघून गेली.

बाई मात्र तिथे खुर्ची टाकून बसायच्या. चहाचे कप दोन.

मुलगी मोनाली त्यांना नागपूरला न्यायला आली. "आई, इथं एकटी काहून राहतेस?"

"एकटी कुठं? तुहे बाबा येतेत ना पानी टाकाले. घराले कुलूप दिसलं त कुठं जातीन ते?"

मोनालीने मातीला बोट लावलं आणि पटकन पदराला पुसलं. एकटीच परत गेली. खरं सांगतो, तोवर माझाही विश्वास बसला होता.

जूनमध्ये शेजारची वंदना रोशन प्लंबरला घेऊन आली. "काकू, आमची टाकी रोज रिकामी होऊन राहिली. पाइप तुमच्या भिंतीतून जाते, पाहू द्या जरा."

रोशनने माझ्या पाठीमागचं प्लास्टर फोडलं. पाइपला चीर होती.

बाईंनी त्या चिरेला बोट लावलं. "रोशन, थोडंसं गळू देशील का रे?"

रोशन म्हणाला, "काकू, अर्धं कसं जोडू?"

मित्रांनो, माणूस गेल्यावर त्याच्या झाडाला पाणी आपणच घालायचं असतं, एवढं लक्षात ठेवा.

सोमवारी पाइप जोडला. मंगळवारी माती कोरडी होती. बुधवारी बाईंनी मोनालीला नागपूरचं तिकीट काढायला सांगितलं.