सतरावा नियम

दाराला कडी नाही हे धाकटीला आठवलं तेव्हा भावजी उंबऱ्यापासून दहा पावलांवर होते आणि त्यांच्या हातात टायर उचकटायची पहार होती.

कडी तिनंच काढली होती. सोमवारी, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, चारही स्क्रू एका डबीत नीट ठेवून. प्रौढ प्रशिक्षण केंद्रासाठी नगरपालिकेची तेवीस पानी नियमावली होती आणि ती धाकटीला तोंडपाठ झाली होती. दार नव्वद सेंटिमीटर रुंद हवं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि वर्ग चालू असताना त्याला कडी-कुलूप नको. माणशी पावणेदोन चौरस मीटर जागा. आग विझवायचं नळकांडं हाताला येईल अशा उंचीवर. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेली बाई ती. नवऱ्याच्या वर्कशॉपचं केंद्र करताना तिनं एकही आकडा अंदाजानं धरला नव्हता.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. वाटणीच्या कागदात तिच्या थोरल्या दिरानं, म्हणजे भावजींनी, एक ओळ घालून घेतली होती: वर्षाच्या आत इथे परवान्याचा उद्योग सुरू झाला नाही, तर वर्कशॉप थोरल्या भावाचं. भावजींना तिथे टायर रचायचे होते. वर्ष शुक्रवारी संपत होतं, आज बुधवार होता. अकरा वाजता तपासनीस येणार होते; त्यांची सही म्हणजे परवाना. त्यांच्यासमोर वर्ग चालू हवा, किमान बारा प्रौढ आपापल्या जागेवर हवेत, हाही नियमच.

बाराच होते. तेरावा तापानं घरी झोपला होता. आणि त्या बारांत एक होती थोरली, भावजींची बायको. दोन महिने ती गुडघ्याच्या इलाजाला दवाखान्यात जाते असं घरी सांगून वेल्डिंग शिकायला येत होती. आत्ता ती कोपऱ्यातल्या पत्र्याच्या आडोशामागे उभी होती, चेहऱ्यावर काळ्या काचेचा मुखवटा, अंगात जाड एप्रन. त्या वेषात बाराही जण एकाच आईची लेकरं दिसत.

धाकटी एवढंच म्हणाली, "सगळे मुखवटे खाली. काम थांबवू नका."

थोरलीनं ऐकलं. तिच्या आडोशात निळा उजेड पेटला.

भावजी आत आले. त्यांनी आधी प्रथमोपचाराच्या पेटीवर पहार घातली. काच फुटली, आयोडीनची बाटली खाली येऊन फुटली, जमिनीवर तपकिरी डाग पसरला. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि उस्तादांवर आणून थांबवली.

"काय उस्ताद. मास्तर झालात म्हणे."

उस्ताद वेल्डिंग शिकवायचे. नवऱ्याचे जुने सोबती. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एका ठेकेदाराचा जबडा मोडला होता आणि त्याची शिक्षा भोगून झाली होती. त्यांचा चारित्र्याचा दाखला मिळवायला धाकटीनं पोलीस ठाण्याच्या चौदा खेपा घातल्या होत्या.

"या, थोरले भाऊ," उस्ताद म्हणाले. "वर्ग चालू आहे. नंतर बोलू."

"नंतर कशाला? मी शिकायलाच आलोय." भावजींनी त्यांच्या मुस्काटात मारली. आवाज सपाट आला, फळी आपटल्यासारखा. "शिकवा ना. जबडा कसा मोडतात?"

तेव्हा धाकटीला कळलं. नियमावली दर्शनी भागात, वाचता येईल अशा अक्षरांत लावायची असा नियम असल्यामुळे तिनं ती बाहेरच्या भिंतीवर लावली होती. गेला आठवडाभर भावजी रोज तिथे हात मागे बांधून उभे राहात. तिला वाटलं होतं, माणूस नरमला. माणूस सतरावा नियम शोधत होता: प्रशिक्षक किंवा केंद्रप्रमुख यांच्याविरुद्ध मारहाणीची तक्रार असल्यास अर्ज रद्द होईल आणि दोन वर्षं पुन्हा करता येणार नाही.

ते मारायला आले नव्हते. मार खायला आले होते.

"उस्ताद," ती म्हणाली, "सतरा."

उस्तादांनी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उजव्या हातानं डावं मनगट धरलं.

"अरे वा. तुरुंगानं चांगलं वळण लावलं की." भावजींनी पहार आडवी फिरवली. ती उस्तादांच्या मांडीवर बसली. उस्ताद वाकले, पुन्हा सरळ झाले. दुसरा घाव बरगड्यांवर आला आणि त्यांच्या तोंडून हवा निघून गेली. तिसरा भावजींनी मुठीनं मारला, तोंडावर. उस्ताद थुंकले, थुंकीत दात होता.

"मार की. बायकांना शिकवून बाई झालास का?"

निवृत्त बसचालक मुखवटा वर करून पुढे आला. "ओ, पुरे आता. म्हाताऱ्या माणसाला..." भावजींनी मागे न बघताच पहार फेकल्यासारखी फिरवली. चालकाच्या हाताला ती कोपराच्या खाली लागली आणि तो आडोशाच्या पत्र्यावर जाऊन आदळला. मग कोणी पुढे आलं नाही.

धाकटी मधे गेली. विचार करून नाही. पाय आधी गेले.

"भावजी, मला मारा. त्यांना सोडा."

"तुला कशाला? तू तर घरची," असं म्हणत त्यांनी मारलं. पहार तिच्या खांद्याजवळ बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला कानानं नाही, दातांत ऐकू आला. डावा हात एकदम परका झाला, दोरीला टांगल्यासारखा. ती गुडघ्यांवर आली आणि त्याच क्षणी तिला दिसलं की उस्तादांची पकड सुटतेय. एक बोट. दुसरं.

"सतरा, उस्ताद," ती जमिनीवरून म्हणाली. "तुम्हाला तुमच्या गेलेल्या सोबत्याची शपथ. सतरा."

उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोटं पुन्हा मनगटावर आवळली.

कोपऱ्यातला निळा उजेड विझला.

वेल्डिंगच्या सांध्यावर जमलेली कडक खपली उडवायला एक छोटी हातोडी असते, एका टोकाला छिन्नीसारखी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार. थोरली ती घेऊन आडोशातून बाहेर आली. मुखवटा खालीच होता. ती घाईनं आली नाही. भावजींनी उस्तादांच्या डोक्यासाठी पहार वर उचलली तेव्हा ती त्यांच्या मागे पोचली होती, आणि तिनं वर गेलेल्या कोपरावर हातोडी मारली.

पहार जमिनीवर पडून घणघणली. भावजी गरकन वळले. समोर काळी काच, त्यात त्यांचाच चेहरा.

"कोण आहेस रे तू?"

दुसरा घाव गुडघ्यावर बसला. ते खाली कोसळले. तिसरा त्याच गुडघ्यावर. चौथा पुन्हा तिथेच, आणि आता वाटी फुटल्याचा आवाज आला, ओला आणि बारीक. भावजी ओरडत होते. पाचव्या घावाला थोरलीनं हातोडी उलटी धरली, टोकाची बाजू खाली, आणि ती गुडघ्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या कपाळाकडे बघत होती.

धाकटीनं उजव्या हातानं तिचा एप्रन पकडला आणि सगळं वजन टाकलं. मोडलेल्या हाडांची टोकं एकमेकांवर घासली, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"जाऊबाई, बास. बारा हवेत. मला बारा हवेत."

हातोडी हवेत थांबली. थोरलीनं मुखवटा वर केला. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि डाव्या भुवईखाली आठवड्याभराची पिवळी पडलेली खूण.

"तू?" भावजी म्हणाले.

"दवाखान्यात आलेय," थोरली म्हणाली. "गुडघ्याच्या इलाजाला."

अकराला दोन मिनिटं होती.

तपासनीस आले ते हातात फळी आणि फळीला लावलेला तक्ता घेऊनच. दारात थांबून त्यांनी आधी टेप लावून दाराची रुंदी मोजली, मग मान वर केली. जमिनीवर आयोडीन आणि रक्त, विव्हळणारा माणूस, भिंतीला टेकलेली केंद्रप्रमुख, तोंडातून रक्त गाळत हात मागे बांधून उभा असलेला प्रशिक्षक.

"हे काय आहे?"

"लिहून घ्या," भावजी जमिनीवरून म्हणाले. "मारहाण. सतरावा नियम. लिहा."

"कोणी मारलं? यांनी?" तपासनीसांनी उस्तादांकडे पेन केलं.

भावजींचं तोंड उघडलं. उस्तादांचे हात अजून पाठीमागे होते, कोरडे, एक ओरखडाही नाही. अकरा माणसं बघत होती.

"मी मारलं," थोरली म्हणाली. "मी यांची बायको. इथे शिकते. हजेरीपटावर सहावं नाव."

तपासनीसांनी नियमावलीचं पान उलटलं. ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं.

"उगाच शोधू नका साहेब," थोरली म्हणाली. "मी चौथीपर्यंतच शिकलेय, पण रोज येता-जाता भिंतीवरचं वाचते. सतरावा तीनदा वाचला. त्यात शिकणाऱ्यांचं नाव नाही."

"पण बाई, पोलिसांना बोलवावं लागेल. रुग्णवाहिकासुद्धा."

"बोलवा. मी कुठं पळत नाही. आधी मोजा."

ती आपल्या जागेवर गेली. मुखवटा खाली घेतला. बसचालकानं दुखरा हात पोटाशी धरला आणि एका हातानं आपला मुखवटा ओढला. लाँड्रीवाली, बेकरीतला भट्टीवाला, एकेक करून सगळे आडोशांमागे उभे राहिले. निळे उजेड पेटले. भावजींच्या कण्हण्यावर त्यांचा चरचराट चढला.

तपासनीसांनी डोळ्यांवर हात धरून बोटानं मोजलं. मग रुग्णवाहिकेला फोन केला, मग पोलिसांना. मग तक्त्यावर लिहिलं, आणि धाकटीला ते उलटं वाचता आलं: उपस्थित बारा. प्रथमोपचार पेटी मोडलेली, सात दिवसांत बदलावी. खाली त्यांची सही होती.

"पुढच्या तपासणीला बारा लागतील," ते हळूच म्हणाले. "ह्या बाई नसल्या तरी."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

रस्त्यावर सायरन ऐकू आला. उस्ताद लंगडत कोपऱ्यातल्या आडोशाकडे गेले. हात त्यांनी अजून सोडले नव्हते. बोटं आखडून बसली होती, त्यांना सोडवता येत नव्हती. ते वाकून थोरलीच्या वेल्डिंगचा सांधा बघत राहिले.

"रॉडचं टोक लांब धरताय, मोठ्या वहिनी," ते फुटक्या ओठांनी म्हणाले. "जवळ घ्या. अजून जवळ. हां. आता पूर्ण करून मगच उठा."