मिठाची रेघ पुसू नका

मी एक जुना ओव्हन आहे. मित्रांनो, हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे केक आणि नानकटाई आली असेल, तर ती कृपया बाजूला ठेवा. माझा जन्म माती वाळवण्यासाठी झाला. माझ्या दारावरच्या सरकारी पट्टीवर तसेच लिहिले आहे, आणि त्या पट्टीवर विश्वास ठेवण्याइतका मी एके काळी भाबडा होतो.

अंबाल्याच्या एका कारखान्यात मला घडवले. पत्र्याच्या दुहेरी भिंती, डोक्यावर थर्मामीटर, पोटात जाळीच्या दोन फळ्या. अमरावतीच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मी आलो, त्याला बावीस वर्षे झाली. माझे दार पहिल्यांदा उघडले ते भागीरथाबाईंनी. त्याच महिन्यात त्या तिथे परिचर म्हणून रुजू झाल्या होत्या. त्यांचे वडील देवमन हे त्यांच्या घरातले लिहिता-वाचता येणारे पहिले माणूस. लेकीला नोकरीवर पाठवताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती; भागीरथाबाई ती मला पुसताना पुष्कळदा स्वतःशी म्हणत: "वाचल्याबिगर सई करू नको, माय."

ती वर्षे चांगली होती. शेतकरी पिशवीतून माती आणत. ती ओली असली की भागीरथाबाई ताटात पसरून माझ्या पोटात ठेवत आणि मी तिला मंद आचेवर कोरडी करी. भातकुलीकडची माती खारी निघे, कारण तो खारपाणपट्टाच. तिथे जमिनीखालचे पाणीसुद्धा खारट. तिवस्याची माती काळी आणि चिवट. वरूडची आली की संत्र्याची बाग लागणार हे सर्वांना ठाऊक असे. पाहणीला आलेले एक वरिष्ठ मला म्हणाले होते, "यंत्र असावं तर असं!" त्या कौतुकावर मी कित्येक वर्षे तापलो.

सहा वर्षांपूर्वी उत्तमराव प्रयोगशाळेचे प्रमुख होऊन आले. मित्रांनो, ते लाच घेत नसत आणि दररोज वेळेवर येत. त्यांची समजूत एवढीच होती की कार्यालय म्हणजे घराचेच मागचे दालन. त्यांच्या कन्येची विवाहासाठीची माहितीपत्रके आमच्या प्रिंटरवर छापली गेली. कार्यालयाची गाडी त्यांच्या सासुरवाडीचा रस्ता चालकाशिवायही ओळखू लागली. उन्हाळ्यात आभाळ भरून आले, की त्यांच्या घरचे अर्धे ओले वाळवण माझ्या पोटात येई: कुरडया, सरगुंडे, मिरच्या. दारावरच्या पट्टीवर लिहिले होते 'मृदा नमुने'. कुरडई ही मृदा आहे काय, असा प्रश्न मला कोणी विचारला नाही. यंत्राला मत नसते, असा एक सोयीस्कर समज आहे.

भागीरथाबाई दुपारी आपला डबा माझ्या डोक्यावर ठेवत. आत नव्हे, वर. माझ्या उबेने त्यांची भाकर नरम राही. हेही मी लपवणार नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अवकाळी ढगांनी तीन दिवस ऊन दिसू दिले नाही. वरूडकडचे सहदेव आपल्या शेताची माती घेऊन आले. त्यांना संत्र्याची नवी बाग लावायची होती. कलमे सांगून ठेवली होती. माती ओली होती, म्हणून भागीरथाबाईंनी ती खालच्या फळीवर पसरली आणि त्या टपाल द्यायला गेल्या. तेवढ्यात उत्तमरावांनी स्वतःच्या हातांनी वरच्या फळीवर ताकामिठात मुरवलेल्या मिरच्या मांडल्या. त्या पुरत्या निथळल्याही नव्हत्या. बाई परत आल्या, दार उघडले आणि थबकल्या.

"साहेब, खाली माती हाये."

"असू द्या की. माती काय मिरच्या खाऊन राहिली का?"

साहेब आपल्याच विनोदावर हसले. बाईंनी रागाने दार लावले. मी तापत राहिलो, आणि माझ्या आत मिठाचे पाणी वरून खाली, एका माणसाच्या शेतावर थेंब थेंब पडत राहिले.

आठ दिवसांनी अहवाल निघाला: जमीन अतिक्षारयुक्त, संत्रा लागवडीस अयोग्य. तो हातात धरून सहदेव दारातूनच कडाडले.

"माह्या वावरात खार? कलमं परत करून राहिलो होतो मी, बाई! माह्या विहिरीचं पाणी प्या, गुळावानी गोड लागते. हे वरूड हाये का भातकुली?"

त्यांनी वर तक्रार केली. चौकशी लागली, आणि चौकशीला नेहमीच एक नाव लागते. तिसऱ्या दिवशी भागीरथाबाईंच्या हातात नोटीस पडली: 'शासकीय उपकरणाचा खाजगी वापर करून, जेवणाचा डबा ठेवल्याने नमुना दूषित केल्याबद्दल.' ज्या प्रिंटरने कन्येचे गुण छापले होते, त्यानेच हे अवगुण छापले होते. कागद मात्र या वेळी दुय्यम दर्जाचा होता. सोबत कबुलीजबाब तयार होता. फक्त सही बाकी होती.

"सही करा, भागीरथाबाई," उत्तमराव मऊ आवाजात म्हणाले. "ताकीद देऊन सोडतो. नाही केली तर निलंबन. तीन वर्षं राहिली तुमच्या पेन्शनले, कावून खेळ करता?"

बाईंनी कागद वाचला. परत वाचला.

"डब्बा ठेवला, हे खरं हाये. पण नमुना डब्ब्यानं खराब झाला, हे कोनं मोजलं?"

"म्हणजे?"

"इथं सारं मोजतेत, साहेब. मंग माही चूक कावून नाई मोजत?"

प्रयोगशाळेत संध्या नावाची कंत्राटी रसायनतज्ज्ञ होती. तिचा करार महिन्याभरात संपणार होता आणि नूतनीकरणावर उत्तमरावांचीच सही लागणार होती. भागीरथाबाई तिच्याकडे वळल्या.

"संध्या, माह्या डब्ब्याचं बूड शुद्ध पान्यानं धुव. मंग या ओव्हनची वरची फळी धुव. दोन्हीचं पानी खार मोजायच्या यंत्रात घाल. बावीस वर्सं पायते मी, मले ठाऊक हाये कसं मोजतेत."

उत्तमराव म्हणाले, "काही गरज नाही." चौकशीचे काय झाले ते पाहायला आलेले सहदेव दारात हाताची घडी घालून उभे होते. "मले गरज हाये," ते म्हणाले.

संध्याने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा बाईंकडे. मग तिने हातमोजे चढवले. डब्याचे पाणी जवळजवळ निर्मळ निघाले. फळीच्या पाण्याचा आकडा भातकुलीच्या मातीलाही लाजवणारा होता. आणि फळीच्या कोपऱ्यातून, चिमट्याच्या टोकावर, मिरचीचे एक बी बाहेर आले.

"हे माह्या भाकरीतलं नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

सहदेव म्हणाले, "बाप्पा!"

सहदेवांच्या मातीचा नवा नमुना घेतला गेला. ती निर्दोष निघाली, कलमे लागली. बाईंनी कबुलीजबाबावर सही केली नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर स्वतः उत्तर लिहिले. मला ते पाठ आहे, कारण त्यांनी ते माझ्या पत्र्यावर कागद टेकवून लिहिले: 'मी डबा ओव्हनवर ठेवत होते. आता ठेवणार नाही. वरच्या फळीवर साहेबांच्या घरच्या मिरच्या पाहूनही मी दार लावले, ही माझी मोठी चूक. ती मी मान्य करते. मिरच्या ठेवणाऱ्यांनी आपली चूक खाली लिहावी. जागा सोडली आहे.'

ती जागा आजही कोरी आहे. निलंबनाची हिंमत झाली नाही. नोटीस मागेही घेतली गेली नाही. संध्याचा करार वाढला नाही. ती आता अकोल्यात एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. चौकशीचा निष्कर्ष मात्र विद्वत्तापूर्ण होता: 'उपकरण जुने व सदोष असल्याने चूक उद्भवली.' म्हणजे गुन्हेगार मी ठरलो. माझी वायर कापून मला व्हरांड्यात आणून ठेवले आणि माझ्या निर्लेखनाची, म्हणजे मला भंगारात काढण्याची, फाइल सुरू झाली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे शेवटी तुम्हाला विनवतात, की आमची काळजी घ्या, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी विनवणार नाही. मी सदोष नव्हतो. मला चाळीस अंश सांगितले, मी चाळीस अंश दिले.

परवा एक सफाई कामगार फडके घेऊन माझ्याकडे आला. आतल्या भिंतीवर, वरच्या फळीच्या खाली, मिठाच्या ओघळाची एक पांढरी रेघ वाळून बसली आहे. त्याने हात पुढे केला, तोच भागीरथाबाईंनी त्याचे मनगट धरले.

"ते राहू दे."

"कावून, मावशी? घाण हाये ना."

"घाण नाई ते," त्या म्हणाल्या. "साहेबाचं उत्तर हाये. कागदावर येईपर्यंत तिथंच राहीन ते."

भंगारवाला येईल तेव्हा येईल. तोवर माझे दार उघडे आहे. या, आत पाहा. फक्त पुसू नका.