कुंकवाचा मान

मी एक स्विच बोलतोय. थांबा, भिंतीकडे हात नेऊ नका! पंखा लावणारा स्विच वेगळा. मी इंटरनेट वाटणारा लोखंडी डबा. ही चूक जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात येणारा प्रत्येक जण करतो आणि प्रत्येक वेळी माझं डोकं तापतं.

माझा जन्म कुठे झाला आठवत नाही. पोटावरचं लेबल केव्हाच निघालं. पेणला रामवाडीतल्या एका ऑफिसात सहा वर्षं मी एसीत बसून काढली. लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवत, आणि मी खोटं खपवून घेत नाही अशी फुशारकी मारत असे. तार सैल झाली की तत्काळ पिवळा दिवा लावून बोंब मारायची, हा माझा बाणा.

ऑफिस बंद पडलं आणि विमलबाईंनी मला जोह्याच्या त्यांच्या गणपती कारखान्यात आणलं. वर पत्रा, शेजारी सोंडा न बसवलेले तीस गणपती. मी म्हटलं, इथे आपली कदर काय होणार?

झाली. नको तितकी झाली.

दसऱ्याला साचे आणि ब्रश यांच्याबरोबर माझीही पूजा झाली. हळद लागली, झेंडूचं फूल आलं. मग विमलबाईंनी माझ्यात खोचलेली काचेची तार, म्हणजे उजेडातून इंटरनेट आणणारी फायबर, ओढून काढली, तिच्या टोकाला कुंकवाचं बोट लावलं आणि परत खोचली.

"हिच्यातनंच सगलं येतं ना? मग हिला नको व्हय?"

हिरवा दिवा तिथेच विझला. आणि मी, बाणेदार मी, फूल मिरवत गप्प बसलो. पिवळा दिवासुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मैनाची मुलाखत होती, व्हिडिओवर. मैना कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. वीस वर्षं डोळे तिचे, पाटीवर नाव दुसऱ्याचं. आता मूर्तिकला शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली होती. कॅमेऱ्यासमोर डोळा आखून दाखवायचा होता आणि पत्र्याखाली मोबाईलला रेंज नाही.

सकाळी नेट बंद दिसलं, तेव्हा अकराला रोह्याहून फायबर दुरुस्त करणारे अब्दुलभाई आले. तार दबली असेल म्हणून खिळ्याला करकचून बांधलेली ती त्यांनी सोडली. दिवा नाही. तार ज्यात खोचतात तो माझा तुकडा बदलला. दिवा नाही.

"डबाच मेला असंल," विमलबाई म्हणाल्या. "फेका त्याला."

काल पूजा, आज फेका! 

अब्दुलभाईंनी तारेच्या टोकाला उजेड मोजायचा मीटर लावला. "डबा बरा हाय, काकी. उजेडच मरतुकडा येतोय."

ऐकलंत? मी निर्दोष! ही ऐट पाच मिनिटं टिकली. त्यांनी तारेचं टोक भिंगाच्या यंत्रात घातलं. पडद्यावर ते टोक गोल काळ्या बुबुळासारखं दिसलं आणि मैना पुढे वाकली.

"बुबुलावर लाल काय हाय, अब्दुलभाई?"

"कचरा हाय कायतरी."

"कचरा नाय, कुंकू हाय." ती विमलबाईंकडे वळली. "काकी, आंधला केलात गो ह्याला! आनि माझी मुलाखत बुडवत होतात."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. "मान दिला गो मी त्याला."

अब्दुलभाईंनी पेनासारख्या यंत्राने टोक पुसलं. कट्. परत पाहिलं, परत पुसलं. कट्. बारा वाजायला सात मिनिटं असताना माझा दिवा हिरवा झाला. मैनाने एका दमात डोळा आखला. तिचा हात हलला नाही.

जागा तिला मिळाली. जाताना तिने उरलेल्या रंगात माझ्या तोंडावर, फायबरच्या भोकाच्या वर, दोन डोळे काढले. "आता तरी बघ जरा," म्हणाली.

बघतोय. पुढचा दसरा जवळ आलाय. माझी विनंती एकच: कुंकू लावायचं तर कपाळाला लावा, तारेला हात नको. मान मिळाला की मी गप्प बसतो, हे आता तुम्हाला कळलंय. आणि मैनाने डोळे असे काढलेत की विमलबाई ताट घेऊन आल्या तरी मला ते मिटता येत नाहीत.