बिनजिन्याचं घर

आईच्या दहनाचं ठरवायला तिघं निघाली, तेव्हा बापाने गाडीत पुढची जागा धरली आणि काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी केली. गाडी धाकटा चालवत होता. थोरली मागे बसली होती. तिला वरच्या आरशात बापाचा अर्धा जबडा दिसत होता. रिकाम्या तोंडाने काही चघळावं तसा तो हलत होता. हा जबडा असा हलायला लागला की आई आधी शेगडी बंद करायची. उकळतं काही त्याच्या हाताशी राहू नये, एवढीच तिची खबरदारी. स्वतः मात्र ती तिथेच उभी राहायची.

बापाची लाकडाची वखार होती. ओंडका नुसता हाताने उलथवायचा, असा त्याचा लौकिक. त्या हातांचं घराबाहेर फार कौतुक होतं.

वाटेत त्याने सगळं ठरवून टाकलं. वेळ दुपारी चारची. भाषण तो करणार. आईची बहीण आली तर तिला मागे बसवायचं. आणि भट्टीचं बटण तोच दाबणार. "माझी बायको आहे," तो म्हणाला, "मीच पाठवणार तिला."

धाकट्याने गियर बदलला. त्याला घरात मुक्या म्हणत. सहा वर्षांचा असताना तो जवळजवळ वर्षभर बोलला नव्हता, तेव्हापासूनचं ते नाव. आता तो मालधक्क्यावर पोती उचलायचा आणि दाराच्या चौकटीतून जरा तिरकाच आत यायचा.

थोरली ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात होती. तिच्या बोटांना जाड सुईचे घट्टे पडले होते. कालपासून, म्हणजे इस्पितळात आईच्या तोंडावर चादर ओढल्यापासून, तिला एकच गोष्ट हवी होती. बापाचा हात आईला शेवटचा लागू नये. बाकी भाषण करा, फुलं कुठली ते ठरवा, काय वाटेल ते करा.

दहनगृहाची इमारत बैठी होती. सलग एकच मजला, मागे धुराडं. आत मुकादमाची खोली, एक टेबल, चार लोखंडी खुर्च्या, फळीवर अस्थींचे रिकामे डबे. मुकादम वाळका, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. रबरी तळाची चप्पल नको, नायलॉनची साडी नको, बाटली नको, असं त्याने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. हॉल चाळीस मिनिटं मिळेल. बोलणारा एकच असेल तर बरं, दोन असले की दुसरा पहिल्याचं खोडत बसतो. जो अर्जावर सही करील तोच बटण दाबील, हा इथला नियम.

"आण इकडे," बाप म्हणाला.

"आधी एक रकाना भरायचाय," मुकादम म्हणाला. "अंगात काही बसवलेलं आहे का? छातीत बॅटरी, सळई, पट्टी?"

"काही नाही."

मुकादमाने पेन टेकवलं नाही. मागे अशीच कुणी तरी बॅटरी लपवली होती, ती आत फुटली आणि भट्टीचं दार त्याच्या माणसाच्या तोंडावर आलं, असं तो सांगू लागला. माणसाचा एक डोळा गेला. तेव्हापासून मुकादम स्वतः अंग उचलतानाच चाचपून बघतो. आज सकाळी इस्पितळातून आलेल्या तुमच्या बाईंना ठेवताना त्याला डाव्या हातात काही तरी कडक लागलं.

"हां, ते," बाप म्हणाला. "जुनं आहे. जिन्यावरून पडली होती."

मुकादमाने लिहिलं. मग गळ्याच्या हाडापाशीही काही लागलं, म्हणून विचारलं.

"तेव्हाही जिनाच."

"आणि जबड्यात तार?"

बापाने नुसती मान डोलावली.

"मोठाच जिना दिसतो," मुकादम म्हणाला.

थोरलीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. आईसोबत तिन्ही वेळा इस्पितळात तीच गेली होती. पहिल्यांदा नऊ वर्षांची होती. डॉक्टरांनी विचारलं की जिना म्हणायचं, हे बापाने कान पिळून शिकवलं होतं, आणि आईने डोळ्यांनी. ती म्हणाली होती. तिन्ही वेळा, पाढा म्हणावा तशी. डॉक्टरांतला एकही कधी घरी येऊन बघून गेला नाही.

"आमच्या घराला जिना नाही," ती म्हणाली. "एकच खोली आहे. मागे मोरी. हात वखारीत मोडला, ओंडक्यावर आडवा धरून. गळ्याचं हाड फावड्याच्या दांड्याने. जबडा नुसत्या हाताने."

मुकादमाने चष्मा खाली घेतला, अर्ज फिरवला आणि तिच्यासमोर सरकवला. ज्याला अंगाची खरी माहिती, सही त्याचीच चालते, म्हणाला.

काठी कधी उचलली ते तिला दिसलंच नाही. कानशिलावर फटका बसला आणि खोली एकदम पांढरी झाली. ती खुर्चीसकट कोलमडली. कानातून ऊन ऊन काही मानेवर उतरलं. दुसरा फटका खांद्यावर आला. तिसऱ्यासाठी बापाने काठी मागे नेली, ती तिथेच राहिली. मुक्याने ती धरली होती.

त्याने काठी हिसकून कोपऱ्यात भिरकावली. बापाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फाटला, दातांवर रक्त आलं. मुक्या हलला नाही. त्याने बापाचा डावा हात मनगटाशी पकडला, टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला, कोपरावर गुडघा रोवला आणि वरून सगळं वजन टाकलं. सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. डबे फळीवरून घरंगळत खाली आले.

थोरलीने हा आवाज पूर्वी ऐकला होता. वखारीत, ओंडक्याच्या पलीकडे उभं राहून. तिच्या शेजारी तेव्हा सहा वर्षांचा मुक्या उभा होता. मनगट कसं धरायचं, गुडघा कुठे ठेवायचा, सगळं त्याने तिथेच पाहिलं होतं, आणि अगदी तसंच केलं होतं.

तो आता दुसऱ्या हाताकडे वळत होता. ती उठून मधे पडली, त्याच्या छातीला दोन्ही हात लावून त्याला भिंतीशी रेटलं. तो लहान मुलासारखा धापा टाकत होता.

"पुरे," ती म्हणाली. "त्याच्यासारखा दिसतोयस."

मुक्याचे हात खाली आले.

रुग्णवाहिका आली. तिच्यातला माणूस बापापाशी बसला, हाताला फळी बांधता बांधता त्याने कागद काढला आणि कसं झालं ते विचारलं. बापाचा चेहरा राखेसारखा झाला होता. पोराने मोडला, हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"पडलो," तो म्हणाला. "जिन्यावरून."

माणसाने मान वर करून खोलीभर पाहिलं. मुक्याने बहिणीकडे पाहिलं. फाटका ओठ पुसून तोही म्हणाला, "हो. जिन्यावरून."

चार वाजायला तीन तास होते. ती गप्प राहिली असती तर मुक्या चार वाजता तिच्या शेजारी उभा असता. जगात तिला तेवढा एकच माणूस उरला होता. मुकादमही खिडकीबाहेर बघायला लागला होता.

"इथे जिना नाही," थोरली म्हणाली. "माझ्या भावाने मोडला. आधी ह्यांनी मला मारलं, तेही लिहा."

"ताई," मुक्या म्हणाला. मग खुर्ची सरळ करून तिच्यावर बसला आणि त्या माणसाला म्हणाला, "लिहा. मीच मोडला."

पोलीस मुक्याला घेऊन गेले. जाताना त्याने एवढंच विचारलं, की निळी साडी नेसवशील ना. ती नायलॉनची आहे, ती म्हणाली, सुती नेसवते.

मग ती टेबलाशी बसली. कानाला रुमाल बांधलेला, अक्षर वाकडंतिकडं आलं, पण रकाना तिने पूर्ण भरला. कुठे, केव्हा, कशाने. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. चार वाजता हॉलमध्ये ती होती, मावशी होती, कारखान्यातल्या दोघी होत्या. मावशी पहिल्या रांगेत बसली. भाषण कुणी केलं नाही. बटण थोरलीने दाबलं आणि दाराआड आवाज उठला तरी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने अस्थींचा डबा दिला आणि वर एक कापडी पुरचुंडी. चाळणीत जे राहतं ते आम्ही वेगळं काढतो, म्हणाला, नको असेल तर इथे टाका. तिने उघडून पाहिलं. काळवंडलेली पट्टी, तिचे स्क्रू, बोटभर सळई आणि तारेचा वेडावाकडा तुकडा.

डबा तिने मावशीकडे दिला. पुरचुंडी घेऊन ती सरळ पोलीस चौकीत गेली. मुक्या आत बाकावर बसला होता, ओठ सुजलेला. हवालदार त्याचा जबाब लिहीत होता आणि बापाचा हात मोडण्याचं कारण काय, इथे अडला होता.

थोरलीने पुरचुंडी त्याच्या कागदावर उपडी केली.

"हे पण लिहून घ्या," ती म्हणाली. "सुरुवात इथून आहे."