पाखरूबाईंचा जॉब

घरी मला फटाकडी म्हणतात. दादाने ठेवलेलं नाव. वात पेटवायचीसुद्धा गरज नाही, नुसतं जवळून गेलं तरी ही फुटते, असं त्याचं म्हणणं. लहानपणी मला या नावाचा इतका राग यायचा की नाव आपोआप खरं ठरायचं. पुढे मीच ते मिरवायला लागले. माझ्या कामाला असा स्वभाव लागतोच, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

काम म्हणजे सामायिक क्लाउड. सात संशोधन संस्थांनी आपापले सर्व्हर एका जाळ्यात जोडायचे आणि ज्याला जेव्हा मोठं गणित चालवायचं असेल त्याने ते सगळ्यांच्या सर्व्हरवर चालवायचं. असं चालायला लावलेलं एक काम म्हणजे आमच्या भाषेत एक जॉब. कागदावर फार गोड दिसतं हो हे. प्रत्यक्षात सात सुनांचं एक स्वयंपाकघर. प्रत्येकीला वाटतं, राबते ती मीच, बाकीच्या नुसत्या जेवायला येतात. मी या कारभाराची व्यवस्थापक. भांडणं सोडवायला माझी नेमणूक झाली होती, पण लावलीही मी पुष्कळ.

सगळ्यात मोठं भांडण रुमालांचं. एखाद्याला पुढच्या आठवड्यात जागा लागणार असते. तेव्हा मिळेल की नाही याची धास्ती असते, म्हणून तो पठ्ठ्या आजच एक पोकळ जॉब लावून ठेवतो. हा जॉब काही करत नाही, नुसता सर्व्हर अडवून बसतो. बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. त्यामुळे आम्ही त्याला रुमालच म्हणतो. बाकीचे बिचारे रांगेत ताटकळतात आणि मला फोन करकरून माझं डोकं खातात.

म्हणून मी नियम केले. स्वस्थ बसलेला जॉब दिसला, तर आधी मालकाला कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, मगच जॉब बंद करायचा. दुसरा नियम असा की चालू जॉबने सामायिक डिस्कवर उठसूट लिहायचं नाही, कारण त्याने सगळ्यांचंच काम मंदावतं. जमेल तेवढं मेमरीत ठेवा आणि शेवटी एकदाच काय ते लिहा. लोकांनी दोन्ही नियम धाब्यावर बसवले होते, आणि त्यावरूनही माझा जळफळाट व्हायचा.

त्या महिन्याच्या बैठकीला मी तापूनच गेले. सकाळपासून रांगेवरून तक्रारी चालल्या होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी चालू असलेले सगळे जॉब लावले, आणि त्यात तीन अगदी उघडे पडलेले दिसले. प्रोसेसर थंडगार, काम शून्य. त्यातले दोन दादाच्या प्रयोगशाळेचे. दादा औषधांच्या रेणूंवर काम करतो, सातांत सगळ्यात मोठी संस्था त्याची, आणि तो माझ्यासमोरच बिस्किट चहात बुडवत बसला होता. तिसरा जॉब पाखरूबाईंचा.

पाखरूबाई गावाबाहेरच्या एका छोट्या कॉलेजात शिकवतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी संशोधन सुरू केलं. रात्री डोक्यावरून स्थलांतराचे थवे जातात, त्यांचे आवाज गच्च्यांवर लावलेल्या मायक्रोफोनमधून टिपायचे आणि कुठले पक्षी, किती गेले ते ओळखायचं, असा त्यांचा प्रोग्राम. त्यांच्या कॉलेजने क्लाउडला एकच सर्व्हर दिला होता, तोही जुना. बाई बैठकीला स्वतः आल्या नव्हत्या, पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दिसत होत्या.

"हा जॉब कोणाचा?" मी विचारलं. मला चांगलं ठाऊक होतं कोणाचा ते.

"माझा, मॅडम."

"काय करतोय तो?"

"ऐकतोय, मॅडम."

खोलीत हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने दादा हसला. माझ्या डोक्यात सणकच गेली.

"वा! इथे लोक रांगेत तिष्ठतायत आणि हा लोळत पडून ऐकतोय! सरळ सांगा ना, रुमाल टाकलाय म्हणून. लहान कॉलेज म्हणून सगळे तुम्हाला सांभाळून घेतात, त्याचा असा गैरफायदा घ्यायचा?"

"नाही हो मॅडम, दिवसा तो..."

"सबबी नकोत, बाई."

आणि सगळ्यांदेखत मी तो जॉब बंद केला. कळवणं नाही, विचारणं नाही. बाई काहीतरी बोलायला गेल्या, मग त्यांनी स्वतःच आपला माइक बंद केला. दादाच्या जॉबकडे माझा हात वळलाच नाही. विसरले असं म्हणायची सोय नाही, डोळ्यांसमोर होते दोन्ही.

"शाब्बास, फटाकडी," बाहेर पडताना दादा म्हणाला. "अशी जरब पाहिजे." मी खूश झाले. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण झाले होते मी खूश.

दुसऱ्या दिवशी आमचा चष्मिष लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. सर्व्हरच्या नोंदी तोच बघतो, आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाही. त्याने पाखरूबाईंच्या जॉबचा आलेख उघडला. दिवसा सपाट रेषा. संध्याकाळ झाली की रेष थेट वर, सकाळपर्यंत पूर्ण ताकदीने काम, आणि हे रोज.

"आपण दुपारी बघितलं," तो म्हणाला. "दुपारी पक्षी जात नाहीत."

"मग आतापर्यंतचं काम? डिस्कवर असेल ना?"

"नाही. सगळं, आवाजसुद्धा, मेमरीत होतं. जॉब बंद केला तेव्हाच पुसलं गेलं. हंगाम संपला की एकदाच लिहिणार होत्या. तुमचा नियम आहे तसा."

"मग आता लावू देत ना परत."

"हंगाम संपत आलाय, मॅडम. थवे गेले. आता एकदम पुढच्या वर्षी."

माझे नियम पाळणारं अख्ख्या जाळ्यात एकच माणूस होतं, आणि मी नेमकं त्यालाच चोर म्हटलं होतं. तेवढ्यात बाईंचा मेल आला. तो आम्ही दोघांनी मिळूनच वाचला. "माझ्या अज्ञानामुळे इतरांची गैरसोय झाली, क्षमस्व. नियम समजून घेण्यात माझी कुठे चूक झाली ते कळवलंत तर आभारी होईन."

त्याच मिनिटाला मी खरं लिहायला हवं होतं की नाही? बोटं कीबोर्डवरच होती. पण बैठकीतली सगळी तोंडं डोळ्यांसमोर आली, त्यात दादाचं. मी लिहिलं, "ठीक आहे. पुढे काळजी घ्या." चष्मिष मागे उभा होता. त्याने लॅपटॉप मिटला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मी दादाला फोन केला.

"तुझे दोन्ही जॉब रुमालच होते, दादा."

"अगं, मग! तुला काय माहीत नव्हतं?" तो हसत म्हणाला. "आणि त्या बाईंना आता कशाला उकरून सांगतेस? गेलेलं काही परत येणार आहे का? तुझीच शोभा होईल."

हेच मी मनात घोकत होते. त्याच्या तोंडून ऐकल्यावर किळस आली, आणि तरी मी गप्प बसले. कामावर मी ओरडेनाशी झाले. लोकांना वाटलं, तब्येत बरी नाही.

मग एक दिवस संचालकांनी बोलावलं. ते छोटं कॉलेज क्लाउडमधून बाहेर पडतंय. त्यांच्या खोलीतला तो जुना सर्व्हर ते क्लाउडलाच देऊन टाकतायत, त्याचं कनेक्शन काढून, कागदावर सही घेऊन, तो इकडे घेऊन या. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मीच निघाले.

कॉलेजच्या संगणकखोलीत तास चालू होता. दाराशीच ट्रॉलीवर सर्व्हर ठेवलेला, धूळ पुसलेला, धुतलेल्या चादरीने झाकलेला. मला बघताच पाखरूबाई लगबगीने पुढे आल्या. "या, या मॅडम," म्हणाल्या आणि मला थेट मुलांसमोर नेऊन उभं केलं.

"मुलांनो, या क्लाउडच्या मॅडम. इतकं मोठं जाळं या चालवतात. मी त्यांचे नियम नीट न समजता काम केलं, इतरांची जागा अडवली. सगळ्यांसमोर बोलणी बसली, बसायलाच हवी होती. तुम्ही माझ्यासारखं करू नका. समजलं नाही तर आधी विचारा. मॅडम, दोन शब्द सांगता का मुलांना?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. पण मी जे केलं ते सगळ्यांदेखत केलं होतं.

"बाईंचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "त्यांचा जॉब रात्रभर काम करत होता. मी तपासलं नाही, विचारलं नाही, बंद केला. डिस्कवर लिहू नका हा नियमही माझाच. त्यांनी तो पाळला, म्हणून सगळं गेलं. चूक पूर्ण माझी आहे."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे प्रोग्राम बरोबर होता माझा?"

"बरोबर होता."

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "रोज घरी जाऊन ओळ न् ओळ वाचत होते मी. चूक सापडेचना. ह्यांना म्हटलं, आता माझं डोकं चालत नाही, सोडून देते हे सगळं." त्यांनी डोळे पुसले, आणि मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "पण मी तुम्हाला मेलमध्ये विचारलं होतं. तुम्ही लिहिलंत, पुढे काळजी घ्या."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी वाट करूनच दिली होती.

"माहीत होतं," मी म्हणाले.

बाईंनी मुलांना तास संपल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या, पोरं माझ्याकडे न बघता बाहेर गेली. बाईंनी कागदावर सही केली आणि तो माझ्या हातात दिला.

"पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे," मी म्हणाले. "बाकीचे दोन जॉब कोणाचे होते, तेसुद्धा."

"तुमच्या भावाचे," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं ना पडद्यावर. तुम्ही ते बंद केले नाहीत, तेव्हा मी म्हटलं, त्यांचं काम खरं असणार. माझंच काहीतरी खोटं असेल."

त्यांनी दार उघडून धरलं. मी ट्रॉली ढकलायला लागले.