वाऱ्याचा आडोसा

मार्गशीर्षातली धूसर पहाट. पंचगंगेच्या पात्रावर शुभ्र, संथ, निःशब्द धुके पसरलेले. इतके दाट, की नदी वाहते आहे की नुसती श्वास घेते आहे, हे पुलावरून कळू नये. पुलावरचे दिवे अजून जळत होते, पण त्यांचा उजेड खाली उतरत नव्हता. केशरी थेंबांसारखा जागच्या जागी लोंबत होता. आणि पश्चिमेला पन्हाळ्याचा डोंगर. दिसत नव्हता, पण होता.

दर रविवारी, याच वेळी, या पुलावरून दोन सायकली जात. एक पुढे, एक मागे.

पुढे इंद्रजित. रुंद खांद्यांचा, ताठ मानेचा, चढ दिसला की हसणारा. मागे शाल्मली. सावळी, सडपातळ, मितभाषी. शहरातल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ती आठवडाभर गावोगावची माती काचेच्या नळ्यांत घोळवत असे. काळी माती, तांबडी माती, खारावलेली माती. रविवारी मात्र तिला माती दिसत नसे, रस्ता दिसत नसे. तिला दिसे फक्त त्याची पाठ.

"माझ्या मागं राहा," तो म्हणे. "चाकाला चाक लावून. वारा मी फोडतो, तुला लागणार नाही."

आणि ती राही. प्रेमात पडलेली मुलगी ज्या ज्या वाक्यांवर विश्वास ठेवते, त्यांतले हे सर्वांत सुंदर वाक्य होते. त्याच्या पाठीमागे वाऱ्याला एक पोकळी पडे. उबदार, आश्वासक, घामाच्या आणि साबणाच्या वासाची. त्या पोकळीत ती तीन हिवाळे राहिली. लोक घरात राहतात तशी राहिली. केर्लीच्या पुढे रस्त्याकडेला कोणती झाडे आहेत, असे कोणी विचारले असते, तर तिला सांगता आले नसते. त्याच्या मानेवरचा तीळ कुठे आहे, हे तिने डोळे मिटून सांगितले असते.

त्या रविवारी गडावर पोचले तेव्हा धुके विरत होते. तटाच्या कडेला एका बाईने चूल पेटवली होती. दोघे नेहमीप्रमाणे झुणका-भाकरीसाठी बसले. खाली दरीत कोवळे ऊन सांडत होते, टेकडीटेकडीवरून, शिवाराशिवारावरून, दुधावर साय धरावी तसे. इंद्रजितने भाकरी मोडली. एक तुकडा झुणक्यात बुडवला. आणि भाकरीकडे पाहतच तो म्हणाला, "आईला बार्शीची एक मुलगी पसंत पडली आहे. मीही हो म्हटलंय."

शाल्मलीने विचारले, "कधी म्हटलंस?"

"दिवाळीत."

"म्हणजे दिवाळीपासून आपण..."

"सांगणारच होतो गं. पण तुझी त्या मोठ्या राइडची तयारी चालली होती. म्हटलं, उगाच मन विचलित नको."

ऊन तसेच होते. दरी तशीच होती. चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज तसाच, टप् टप्, टप् टप्. जगातले काहीच थांबले नाही, हेच तिला सर्वांत आधी बोचले. आपले दुःख इतके खाजगी असते, इतके क्षुद्र असते, की शेजारी बसलेला माणूस दुसरी भाकरी मागवू शकतो. त्याने मागवली.

निघताना तो म्हणाला, "उतारावर ब्रेक जपून लाव. रस्ता ओला आहे." त्याच्या स्वरात काळजी होती. खरी काळजी होती. आणि ती त्याच्या मागेच उतरली. चाकाला चाक लावून, सवयीने, मुकाट, एखाद्या आज्ञाधारक सावलीसारखी. पुढे कितीतरी महिने तिला राग येत राहिला तो त्याच्या शब्दांचा नव्हे. राग येत राहिला तो या उतरण्याचा.

माघात त्याचे लग्न झाले. सायकल बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. चाकांतली हवा हळूहळू गेली, कोणी काही न करताच. काही नाती जातात तशी.

आई म्हणे, "निदान पुसून तरी ठेव. गंज चढेल." आईला कारण माहीत नव्हते. किंवा माहीत होते, आणि तिने सायकलीपुरतेच बोलायचे ठरवले होते.

फाल्गुनात एका पहाटे शाल्मलीने हवा भरली आणि एकटी निघाली. पूल ओलांडला मात्र, तोच वारा छातीवर आला. उघडा, उद्दाम, अनावर. त्याने डोळ्यांतून पाणी काढले, कानांत शीळ घातली, पेडल जड केले. इतकी वर्षे या रस्त्यावर इतका वारा होता! आणि केर्लीच्या वळणावर ते झाड उभे होते. काटेसावर, म्हणजेच शाल्मली. पर्णहीन, कंटकित, आणि अंगभर रक्तवर्ण फुलांनी पेटलेले. तिच्या नावाचे झाड. तिच्या वाटेवरचे झाड. त्याच्या पाठीआड राहिलेले झाड. खाली डांबरावर फुलांचा खच पडला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या चाकांनी त्याचा लगदा केला होता. तिला रडू आले नाही. तोंडाला मात्र कडवट चव आली. ती चव मग राहिलीच.

वाघबिळाचा चढ तिने तीनदा उतरून, हातात सायकल धरून, चालत काढला. पुढच्या वेळी दोनदा. पावसाळा सरता सरता एकदाही नाही. लोक म्हणत, किती छान, सावरलीस. सावरणे म्हणजे काय, हे लोकांना कुठे ठाऊक असते? मांड्या भरून येतात, दम वाढतो, चढ सोपा होतो. चढ सोपा होतो, इतकेच. वर पोचल्यावर कोणाला सांगावे, हा प्रश्न तसाच दम खात बसलेला असतो.

लग्नाला वर्ष होत आले होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"शाल्मली, एक काम होतं. भार्गवीला सायकल शिकायची आहे. माझ्याकडून शिकत नाही. मी ओरडतो म्हणे. तू शिकवशील? तुझ्या मनात काही नाही, मला माहीत आहे. तू मोठ्या मनाची आहेस."

मोठे मन! किती सोयीचा शब्द. धर्मशाळेसारखा, कोणीही यावे, पथारी पसरावी, सकाळी उठून जावे. नाही म्हटले असते, तर मनात काही आहे हे सिद्ध झाले असते. म्हणून ती हो म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला कळले, की अभिमानाने आपल्याला पुन्हा एकदा त्याच्या मागेच उभे केले आहे.

शेंडा पार्कच्या माळावर पौषातल्या सकाळी शिकवणी सुरू झाली. भार्गवी गोल चेहऱ्याची, लगबगीची, भित्री आणि हसरी. सायकलवर बसण्याआधी मंगळसूत्र कुडत्याच्या आत सरकवी, चप्पल काढी, सायकलीला नमस्कार करी. "वडील म्हणायचे, मुलीच्या जातीनं पडून हातपाय मोडले तर पुढं कोण करणार? म्हणून राहिलंच. ताई, पडले तर हसू नका हं."

शाल्मलीने तिचा तिरस्कार करायचे ठरवले होते. तिला ते जमले नाही. याचाही तिला राग आला.

ती मागून सीट धरून धावे. पुढे भार्गवीची हेलकावणारी वेणी, कोवळ्या उन्हात तांबूस चमकणारे गवत, चाकाखाली करकरणारी मुरमाड माती.

"ताई, न सांगता सोडणार नाही ना?"

"नाही. सांगूनच सोडेन."

अशा काही सकाळी गेल्या. तोल येऊ लागला. हँडल थरथरेनासे झाले. भीती सरली तशी भार्गवी चालवता चालवता बोलू लागली. बार्शीचे, सासरचे, सासूच्या उपासांचे. आणि एके दिवशी, असेच, हसत हसत, मागे न पाहता ती म्हणाली,

"ताई, हे सांगत होते, लग्नाआधी एक मुलगी फार मागं लागली होती यांच्या. रविवारी हे सायकल घेऊन निघाले, की ती मागं हजर. पार पन्हाळ्यापर्यंत! यांना तोंडावर तोडून बोलवेना. लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा सुटले म्हणे. बिचारी. तुमच्या सायकलींच्या ग्रुपमधलीच असेल. ओळखता तिला?"

माळावर ऊन होते. टिटवी ओरडत होती. शाल्मलीचे पाय धावत राहिले, कारण थांबले असते तर ती समोरची पडली असती.

मागे. हो, मागेच. पन्हाळ्यापर्यंत. हो, पन्हाळ्यापर्यंतच. एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळे शब्द मिळून खोटे होते. तीन हिवाळ्यांची ऊब त्याने उलटी करून दाखवली होती, अस्तर बाहेर काढून, सदरा उलटा करावा तशी. त्याने तिला सोडले, हे तिने सोसले होते. त्याने तिला असे जपून ठेवले होते, बायकोला सांगायच्या गमतीसारखे, हे तिला ठाऊक नव्हते.

"ओळखते," ती म्हणाली. "तीच मी. मागं राहा, असं त्यानंच सांगितलं होतं. तीन वर्षं. तुझं लग्न ठरल्यावरसुद्धा."

हँडल वळले. हात सुटला, की सोडला, हे शाल्मलीला पुढे कधीही ठरवता आले नाही. सांगून मात्र सोडला नाही. भार्गवी मुरमावर कोसळली. सायकलचे चाक हवेत फिरत राहिले, फिरत राहिले, आणि थांबले.

गुडघा फुटला होता. सलवारीवर रक्ताचा डाग हळूहळू पसरत होता. शाल्मली वाकली, तशी भार्गवीने तिचा हात बाजूला केला. रागाने नव्हे, वाटेतली फांदी बाजूला करावी तसा. गुडघ्यावरची माती तिने झटकली. मग विचारले,

"तुमचं संपलं होतं ना, ताई?"

"हो."

"मग मला कशाला सांगितलंत?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, नुसता थकवा होता, वयाला न शोभणारा. "तुम्ही आता तुमच्या घरी जाल. मला त्यांच्याच घरी जायचंय."

वर्षभर तिला वाटत आले होते, की सत्य हे शस्त्र आहे आणि ते तिच्याकडे आहे. ते उचलले, चालवले, तर लागले भलतीलाच.

भार्गवी उठली. सायकल स्वतः उचलली. "धरा," ती म्हणाली. "आज शिकूनच जाते. उद्यापासून येणार नाही."

शाल्मलीने सीट धरली. थोडे अंतर गेल्यावर आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट. "सोडा."

आणि भार्गवी गेली. डुलत, सावरत, लंगडत्या गुडघ्याने पेडल मारत, तांबूस गवताच्या कडेकडेने, एकटी. हसली नाही. ओरडली नाही. मागे वळून पाहिले नाही. शिकण्याचा तो एक लखलखीत क्षण, जन्मात एकदाच येणारा, दोघींनी मुक्याने पाहिला आणि मुक्यानेच घालवला.

तेवढ्यात इंद्रजितची गाडी आली. तो टाळ्या वाजवत उतरला. "वा! जमलं की गं! शाल्मली, मानलं तुला." मग गुडघ्याकडे लक्ष गेले. "हे काय? पडलीस?"

"हो," भार्गवी म्हणाली. "माझीच चूक."

तिने गाडीचे दार उघडले आणि आत बसली. त्याने सायकल मागे चढवली, पट्टे आवळले, शाल्मलीकडे पाहून हात हलवला. काचेआड भार्गवी समोर पाहत होती. तिने घरी जाऊन काही विचारले का, की मंगळसूत्रासारखे तेही आत सरकवून टाकले, हे शाल्मलीला कधीच कळले नाही. त्याचा फोन पुन्हा आला नाही. त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत.

गाडीची धूळ खाली बसली. माळ रिकामा झाला. दक्षिणेकडच्या शिवारात ऊस तुटून गेला होता आणि कोणी तरी पाचट पेटवले होते. धुराचा एक करडा, उंच, संथ स्तंभ आकाशात चढत होता आणि वरच्या वर मोडून शहराकडे झुकत होता. मग राख येऊ लागली. काळी, हलकी, पिसांसारखी. गवतावर आली, दगडांवर आली, तिच्या केसांवर आली. एक कण पांढऱ्या बाहीवर उतरला. इतका अलगद, की त्याला वजन नसावे. तिने तो बोटाने झटकला. तो गेला नाही. बाहीभर एक काळी रेघ ओढली गेली. तिने पुन्हा पुसले. रेघ रुंद झाली. मग तिने हात खाली सोडला, आणि ती उभी राहिली. आणि वरून राख येत राहिली, काळी, मऊ, निःशब्द, येत राहिली.