पूलडूचं वॉरंट

गुरुवारी पूलडू गाडीचं लायसन नवं करायला गेला. खिडकीतल्या पोरीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “काका, तुमच्या नावावर वॉरंट आहे. तारखेला हजर राहिला नाहीत म्हणून. सिटी कोर्टात जाऊन ते मिटवा, मग लायसन देते.”

पूलडू म्हणाला, “मला शनिवारी शेनिएरला जायचंय.”

“मग उद्याच मिटवा. जज उद्या बसतात.”

शनिवार चुकवून चालणार नव्हतं. रविवारी सर्व संतांचा दिवस, गेलेल्यांची आठवण करायचा. त्याआधी प्रत्येकाने आपापल्या माणसाच्या थडग्याला चुना द्यायचा, ही बायू मिनू गावाची रीत. त्याची बायको एल्मिर डिसेंबरात गेली होती. तिचं हे पहिलंच वर्ष. तिला पुरलं होतं तिच्या माहेरी, चाळीस मैलांवर, शेनिएरला. आणि शेनिएरला तिची बहीण व्हर्ली राहत होती. व्हर्लीने चंदेरी रंगाचा डबा आणून ठेवला होता.

एल्मिरला चंदेरी रंगाचा तिटकारा होता. व्हर्लीने आईबापांच्या थडग्याला तो फासला तेव्हा एल्मिर सगळ्यांसमोर म्हणाली होती, “हे थडगं आहे की फ्रिज?” दोघी बहिणी वर्षभर बोलल्या नव्हत्या.

पूलडूने फोनवर अडचण सांगितली. व्हर्ली म्हणाली, “मी येते न्यायला.”

“नको.” ज्याची गाडी त्याचा रंग, हे त्याला कळत होतं. आणि दुसऱ्या कोणाला विचारावं, तर त्या शनिवारी गावातली प्रत्येक गाडी आपापल्या थडग्याकडे जाते.

“मग बस घरी. शनिवारी दुपारपर्यंत वाट बघेन. नंतर मी आहे आणि माझा डबा आहे.”

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला पूलडू कोर्टाच्या खिडकीशी उभा राहिला. आत मिस ओडाली होत्या. गेली तीस वर्षं त्याच होत्या.

“काय रे पूलडू, पेकानचे दाणे आणलेस का?”

“नाही. वॉरंट आहे म्हणे.”

“कोणावर?”

“माझ्यावर.”

“तुझ्यावर? तू केलंस तरी काय?” त्यांनी यादी वर-खाली केली. “पूलडू नावाचं इथे काही नाही बघ.”

“मग मिटलं?”

“थांब. जुनं लायसन दाखव.”

लायसन वाचलं आणि मिस ओडालींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्चीतून उठून ओरडल्या, “क्रापो! अरे क्रापो! ऑक्ताव मातर्न सापडला!”

क्रापो म्हणजे बेडूक. कोर्टाच्या या शिपायाचा आवाज तसाच होता. तो कमरेच्या बेडीवर हात ठेवून धावत आला.

“कुठाय?”

“हा काय तुझ्यासमोर.”

“हा तर पूलडू!”

आता सांगायचं तर बायू मिनूत कोणालाच कोणाचं खरं नाव ठाऊक नसतं. पूलडू म्हणजे पाणकोंबडी. चार वर्षांचा असताना तो पाण्यात पडला आणि डोकं खाली-वर करत एकटाच काठाला लागला. त्या दिवसापासून तो पूलडू. लग्नात पाद्र्याने “ऑक्ताव” म्हटलं, तेव्हा खुद्द एल्मिरने मागे वळून पाहिलं होतं. नाव त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण ते कागदांपुरतं होतं, आणि कागद एल्मिर बघायची.

क्रापो सात महिने ऑक्ताव मातर्नला शोधत होता. रोज सकाळी पूलडूबरोबर कॉफी घ्यायची आणि मग ऑक्ताव मातर्नला शोधायला निघायचं.

“मी तुला विचारलं होतं की नाही,” क्रापो चिडून म्हणाला, “हा मातर्न कोण, ठाऊक आहे का?”

“विचारलं होतंस.”

“मग काय म्हणालास?”

“म्हटलं, मातर्न पुलापलीकडे पुष्कळ आहेत.”

“मी पूल ओलांडून तीनदा जाऊन आलो, गाढवा! एका म्हातारीने माझ्या अंगावर कुत्रं सोडलं!”

“कोर्टातून पत्रं आली नाहीत का रे तुला?” मिस ओडालींनी विचारलं.

“पाकिटं आली. एल्मिरच्या खणात ठेवली.”

“न फोडता?”

“तीच फोडायची.”

मिस ओडालींनी कागद उचलले आणि त्याला आत नेलं.

जज लाफोसबाई आठ महिन्यांमागे न्यू ऑर्लीन्सहून बदलून आल्या होत्या. गावात टोपणनाव न मिळालेलं माणूस त्या एकट्याच. त्यांनी फाईल उघडली.

“मिस्टर मातर्न, तुमचा बोकड महापौरांच्या गाडीच्या टपावर चढला.”

“बायकोचा बोकड, जजबाई.”

“बारा मार्चला तारीख होती. तुम्ही गैरहजर राहिलात.”

“मी होतो की. तारीख महापौरांनीच सांगितली होती.”

“नोंदीत गैरहजर आहे.”

“दुसऱ्या बाकावर होतो. तुम्ही हिरवा चष्मा लावला होता. एका वकिलाच्या फोनमध्ये कोंबडा आरवला, आणि तुम्ही त्याला बाहेर घालवलंत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. वकील आणि कोंबडा त्यांना चांगले आठवत होते.

“मग पुकारा झाला तेव्हा उठला का नाहीत?”

“मी पूलडूची वाट बघत होतो. म्हणजे माझी. त्या मातर्नचं नाव ऐकलं मी. वाईटही वाटलं. म्हटलं, बिचाऱ्यावर आता वॉरंट निघणार.”

मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी क्रापोकडे पाहिलं.

“पुकारा किती वेळा झाला?”

“नियमाप्रमाणे तीनदा. एक आत, एक व्हरांड्यात आणि एक बाहेर, गाड्या लावतात तिथे.”

“तिन्ही तुम्हीच केलेत?”

क्रापोने आपल्या बुटांकडे पाहिलं. “दोन मी केले. मग माझा घसा बसला.”

“आणि तिसरा?”

“तिसरा...” क्रापोचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला. “तिसरा पूलडूने केला.”

“काय?”

“मी दार धरून उभा होतो,” पूलडूने समजावून सांगितलं. “हा म्हणाला, जरा ओरड ना. मग मी ओरडलो. चांगला मोठ्याने ओरडलो. ऑक्ताव मातर्न, हाजिर व्हा! कोणी आलं नाही.”

कोर्ट इतकं हसलं, की हातकड्या घालून बसलेला एक दारुडा जागा झाला आणि “मी हजर आहे!” म्हणून उभा राहिला. लाफोसबाई बराच वेळ फाईल तोंडासमोर धरून बसल्या. फाईल हलत होती.

शेवटी त्या म्हणाल्या, “मिस ओडाली, नोंद दुरुस्त करा. आरोपी हजर होता आणि स्वतःला शोधायला कोर्टाला मदत करत होता. वॉरंट रद्द. बोकड कुठे आहे?”

“चुलतभावाच्या शेतावर. शहराच्या हद्दीबाहेर.”

“मग तो खटलाही निकाली. लायसनच्या ऑफिसला आत्ताच्या आत्ता कळवा, आणि क्रापो—” बाई थबकल्या, कारण हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, “—यापुढे पुकारा दोन्ही नावांनी करायचा.”

शनिवारी पूलडू चुन्याची बादली घेऊन शेनिएरला पोचला, तेव्हा साडेनऊ वाजले होते. व्हर्ली एल्मिरच्या थडग्यापाशी बसून स्क्रू-ड्रायव्हरने डब्याचं झाकण उचकटत होती.

“दुपारपर्यंत थांबते म्हणाली होतीस!”

“झाकण उघडत होते. रंग कुठे देत होते?”

“मला वेडा समजतेस का? उघडलंस कशाला?”

“घट्ट बसतं ते! वॉरंट कसलं होतं आधी सांग. कोणाला मारलंस?”

त्याने सांगितलं. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत येईतो व्हर्ली शेजारच्या थडग्यावर बसली होती आणि रुमाल डोळ्यांना लावून हसत होती. हसता हसता ती रडायला लागली, मग परत हसली.

“एल्मिर असती तर तुला बदडलं असतं तिने.”

“हो.”

“बरं, मागची बाजू मला दे. तुझे गुडघे वाकत नाहीत.”

“चुनाच द्यायचा.”

“चुनाच देते, बाबा.”

त्याने पुढची बाजू केली, दोन्ही कडा केल्या, वरचा क्रूस केला. अर्ध्या तासाने तो मागे जाऊन बघतो तर चुना नीट दिलेला होता. फक्त खाली, गवताजवळ, तळहाताएवढा एक चंदेरी क्रूस होता.

“हे काय?”

“माझी बहीण होती ती,” व्हर्ली म्हणाली. तिने कुंचला खाली ठेवला नव्हता.

पूलडू कसाबसा गुडघ्यांवर बसला, आणि त्या क्रूसाला धक्का लागणार नाही असा, कडेकडेने चुन्याचा दुसरा हात देत गेला.